दुसरं घड्याळ

माझ्या भावाने कॅन्सरच्या दवाखान्याला "ब्लॉक शिल्लक न्हाई" असं सांगून फोन ठेवला होता, हे मी त्याला आयुष्यभर ऐकवणार आहे. आता ऐकवताना मलाच हसू फुटतं. पण त्या गुरुवारी शाळेच्या मधल्या सुट्टीत ते कळलं, तेव्हा माझ्या हातातून डबा सुटला होता. मटकीची उसळ स्टाफरूमभर झाली आणि ती पुसायलाही मी थांबले नाही.

पण आधी आबांबद्दल सांगायला हवं. आबा म्हणजे माझे वडील, हिंजवडीशेजारच्या माण गावचे. आमचं शेत होतं तिथे आता काचेच्या इमारती आहेत. उरलेल्या जागेत भावाने खोल्या काढल्या आणि आयटीतल्या मुलामुलींना भाड्याने दिल्या. मी बावधनला दिलेली, तिथल्याच शाळेत मराठी शिकवते. आई जाऊन बरीच वर्षं झाली. आबांनी शेती केली, पंचायतीत पाच वर्षं काढली, पण पंचक्रोशी त्यांना ओळखते ती घाटामुळे. घाट म्हणजे बैलगाड्यांच्या शर्यतीचा चढ. खाली झेंडा पडतो, बैल गाडी घेऊन वर सुटतात आणि वर मचाणासारख्या माळ्यावर बसलेला माणूस एका हातात घड्याळ, दुसऱ्या हातात माइक घेऊन बारी पुकारतो. बारी म्हणजे एका गाडीची एक धाव. चाळीस वर्षं माळ्यावरचा तो माणूस म्हणजे आबा. गाडी निशाणापार गेली की ते "झाऽऽली" म्हणून जो सूर लावायचे, त्याने कासारसाईच्या धरणात डुंबणाऱ्या म्हशी माना वर करतात, असं लोक चेष्टेने म्हणायचे. शर्यतींवर बंदी होती त्या वर्षांतसुद्धा दर पाडव्याला ते न चुकता घड्याळाचा सेल बदलायचे.

गेल्या वर्षी यात्रांचा हंगाम तोंडावर आला आणि त्यांचा आवाज बसला. सगळे म्हणाले, माइकचा घसा आहे, हळद-दूध घ्या. आबा हळद-दूध प्यायले आणि वर विडी ओढली. महिना गेला, दुसरा गेला, आवाज आणखी फाटला. शेवटी भाऊ त्यांना हायवेलगतच्या एका दवाखान्यात घेऊन गेला. दुर्बीण झाली, तुकडा काढून तपासला, स्कॅन झालं. स्वरयंत्राचा कॅन्सर. डॉक्टरांनी शांतपणे सगळं समजावलं. गाठ डाव्या स्वरतंतूवर आहे, स्कॅनमध्ये शेजारच्या कूर्चेपर्यंत, म्हणजे मऊ हाडापर्यंत, गेल्यासारखी दिसते आहे, तेव्हा पूर्ण स्वरयंत्र काढावं लागेल. श्वास पुढे गळ्याला केलेल्या भोकातून घ्यायचा. बोलण्यासाठी नंतर काही उपाय आहेत, पण हा आवाज राहणार नाही. ऑपरेशन पुढच्याच्या पुढच्या सोमवारी.

आबांनी हात जोडले आणि "तुमीच देव" म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी काय केलं असेल? फोन लावायला सुरुवात केली. मुळशीतला, मावळातला, ज्याच्याशी दहा वर्षांत बोलले नव्हते असा एकेक नातेवाईक गाठून ते त्या फाटक्या आवाजात गप्पा मारत बसले. वहिनी म्हणाली, आबा, घशाला आराम द्या. तर म्हणाले, "नऊ दिस ऱ्हायलेत. वापरून घेतो."

हे वहिनीने मला फोनवर सांगितलं आणि मी स्कूटरला किल्ली लावली.

माझा स्वभाव सरळ सांगून टाकते. मला रडू यायच्या आधी राग येतो. त्या रविवारी मी माणला पोचले ती रागातच. आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या दिरांना अशीच गाठ झाली होती, आणि त्या बाईंनी मला शंभरदा बजावलं होतं की डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये एवढं मोठं काही कापून टाकायच्या आधी दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवावंच; उपचाराच्या वाटा कधी कधी दोन असतात. मी ओसरीवर पाय ठेवताच म्हटलं, "आबा, सेकंड ओपिनियन घ्यायचं."

"किती सेकंदाचं?" आबांनी विचारलं.

"काय किती सेकंदाचं?"

"तूच म्हणलीस न्हाई का, सेकंद."

घाटात आयुष्य गेलेल्या माणसाला दुसरं काय ऐकू येणार? मी म्हटलं, "सेकंड म्हणजे दुसरं. दुसऱ्या डॉक्टरचं मत."

"मत एकालाच द्यायचं असतंय," आबा म्हणाले. पंचायतीत पाच वर्षं बसल्याचा तो गुण. मग ते गंभीर झाले. "हे बघ बाय, त्या डाक्टरला मी हात जोडून आलोय. आता दुसऱ्याच्या दारात जाऊन बसलो तर त्यो काय म्हनंल? म्हातारा इश्वासाचा न्हाई म्हनंल."

भावाची भीती वेगळी होती. "आन् त्यो चिडला, ताई? आन् म्हनला, जावा आता तिकडंच, आमी न्हाई घेत. मंग कुटं जायाचं आपुन?"

मी पुष्कळ बोलले. शिकलेल्या माणसाला बोलता येतं तेवढं सगळं बोलले. आबा मान हलवत राहिले आणि मधेच त्यांनी कुठल्याशा मावसभावाला फोन लावला. मग मी उठून मोरीत गेले आणि वहिनीने घासून ठेवलेली भांडी पुन्हा घासायला बसले. राग आला की मी भांडी घासते. आमच्या घरात कढया फार चकचकीत असतात.

मोरीच्या दारातून समोरची भिंत दिसते. त्या भिंतीवर एकाच खिळ्याला आबांची दोन स्टॉपवॉच टांगलेली असतात, काळ्या नाड्यांची. लहानपणापासून मी ती बघत आले आहे. त्या दिवशी राखेचा हात तसाच धरून मी त्यांच्याकडे बघत बसले आणि एकदम उभीच राहिले. कढई मोरीत आपटली.

"आबा," मी बाहेर येऊन म्हटलं, "घाटात घड्याळं दोन का लागतात?"

हा प्रश्न गावातलं प्रत्येक पोर विचारतं, आणि आबांचं उत्तर ठरलेलं आहे. एका घड्याळावर बारी पुकारायची नाही. माळ्यावर दोघं बसतात. दोघांनी एकाच क्षणी बटण दाबायचं, मग एकमेकांना घड्याळ दाखवायचं. फरक पडला तर ज्याचा अंगठा चुकला त्याने तिथंच कबूल करायचं आणि मगच पुकारायचं. माळ्यावर दुसरं घड्याळ गावातल्या एका तात्यांच्या हातात असायचं, आणि खरं सांगायचं तर चाळीस वर्षांत फरक पडला की अंगठा दर वेळी तात्यांचाच चुकला. आबांचा कधी चुकला नाही. म्हणजे त्यांनी कधी कबूल केलं नाही. पण नियम तो नियम.

"माणूस खोटा नसतो, अंगठा खोटा पडतो," आबा सवयीने म्हणाले. "म्हून दोन."

"मग डॉक्टरला अंगठा असतो का नसतो?"

हातातला फोन आबांनी मांडीवर पालथा ठेवला. पलीकडचा मावसभाव हॅलो हॅलो करत होता, तो किती तरी वेळ तसाच करत राहिला.

"डॉक्टर खोटा नाही, आबा. चांगला माणूस आहे. पण बारी तुमच्या आवाजाची आहे आणि घड्याळ एकच लागलंय."

त्यांनी भिंतीकडे पाहिलं. मग भावाकडे. "उद्या लाव फोन," ते म्हणाले, आणि मग स्वतःशीच पुटपुटले, "तात्यालाबी कवा राग आला न्हाई म्हना."

त्यांनी हो म्हटलं तेव्हा मला जो आनंद झाला, तसा मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता. अजून काहीच ठरलं नव्हतं, पण मी वहिनीला मिठी मारली आणि तिच्या साडीला माझे राखेचे हात लागले.

सोमवारी मी पुण्यातल्या एका मोठ्या कॅन्सर रुग्णालयात फोन केला. तिथे दर शुक्रवारी दुपारी तज्ज्ञांची बैठक बसते. कापणारे, किरण देणारे, औषध देणारे, स्कॅन वाचणारे असे सगळे एकत्र बसून एकेका रुग्णाचा विचार करतात. फोनवरच्या बाई म्हणाल्या, कागद मोबाइलवर पाठवा, काय काय आणायचं ते आम्ही फोन करून सांगू. वर्गात माझा फोन बंद असतो, म्हणून मी भावाचा नंबर दिला. इथेच माझं चुकलं, आणि हे मी त्याला कधी सांगत नाही.

मंगळवारी फोन आला नाही. बुधवारी आला नाही. गुरुवारी मधल्या सुट्टीत डबा उघडता उघडता मीच फोन लावला.

"मॅडम, आम्ही मंगळवारीच कॉल केला होता," त्या बाई म्हणाल्या. "तुमच्या घरच्यांनी सांगितलं, ब्लॉक नाही. म्हणून तुमची केस पुढच्या शुक्रवारवर टाकली."

पुढचा शुक्रवार म्हणजे ऑपरेशन होऊन चार दिवस. उसळ खाली पडली ती इथे.

मी भावाला फोन केला. "मंगळवारी तुला ब्लॉकसाठी फोन आला होता?"

"ब्लॉकसाठी रोज धा फोन येत्यात," तो म्हणाला. "एक बाई म्हनली, तुमच्याकडं ब्लॉक हाय का? मी म्हनलो, न्हाई शिल्लक, समदे गेले. एक रूम रिकामी हाय, पन बॅचलरला न्हाई देत. तर तिनंच ठेवला."

आता माणमध्ये ब्लॉक म्हणजे काय, ते गावात कोणालाही विचारा. एक खोली, स्वयंपाकघर, संडास-बाथरूम आत. दवाखान्याच्या भाषेत ब्लॉक म्हणजे मेणाची छोटी वडी, जिच्यात गाठीचा काढलेला तुकडा जपून ठेवतात. तिच्यातून पातळ काप काढून काचेच्या पट्टीवर लावतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. नव्या डॉक्टरांना जुनी काचपट्टीही लागते आणि ती मेणाची वडीही. हे सगळं मी भावाला फोनवर ओरडून सांगितलं. तो बारीक आवाजात म्हणाला, "तिनं रूम का नको म्हणली, ते आत्ता कळलं."

मी त्या बाईंना पुन्हा फोन लावला आणि सगळं खरं सांगितलं, रूम आणि बॅचलरसकट. त्या इतक्या हसल्या की त्यांना बोलता येईना. मग म्हणाल्या, "उद्या बारापर्यंत स्लाइड आणि ब्लॉक आमच्या लॅबमध्ये पोचले आणि पेशंट सोबत असेल, तर उद्याच घेते. बाराच्या पुढे नाही."

अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी निघाले. साडेतीनला आम्ही दोघं बहीणभाऊ पहिल्या डॉक्टरांच्या दारात उभे होतो. मागायचं कसं? रिक्षातल्या रिक्षात भावाने युक्ती काढली होती, पण मला सांगितली नव्हती. डॉक्टरांनी काय काम काढलंत म्हणून विचारताच तो हात जोडून म्हणाला, "सायेब, ती स्लाइड आन् ब्लॉक पायजे हुता. गावच्या देवाचा कौल घ्यायचाय. आपरेशनच्या आधी देवाम्होरं ठेवावं लागतंय."

मी डोळे मिटले. धरणी पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ते काय असतं ते मला तेव्हा कळलं.

"दोन्ही लागतात देवाला?" डॉक्टरांनी विचारलं. "सूक्ष्मदर्शक आहे का देवळात?"

भाऊ खाली बघू लागला. मग मीच बोलले. म्हटलं, दुसरं मत घ्यायचंय. तुमच्यावर अविश्वास नाही, पण मागायची लाज वाटली, तुम्ही रागवाल असं वाटलं.

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुमच्या वडिलांचं स्वरयंत्र काढायचंय मला," ते म्हणाले. "माझ्या वडिलांचं असतं तर मी स्वतःहून दुसरीकडे दाखवलं असतं. खरं म्हणजे मीच तुम्हाला सुचवायला हवं होतं." त्यांनी लगेच चिठ्ठी लिहिली. लॅब सकाळी नऊला उघडते, तेव्हा मिळेल म्हणाले. आम्ही दारात पोचलो तेव्हा मागून म्हणाले, "काय ठरतं ते मला नक्की कळवा. आणि देवालाही नमस्कार सांगा."

शुक्रवारी सव्वानऊला लॅबमधल्या माणसाने एक प्लॅस्टिकची डबी माझ्या हातात दिली. आत दोन काचपट्ट्या आणि ती मेणाची वडी, साबण वापरून वापरून उरतो ना, तेवढीच. आबांचा अख्खा आवाज त्या तुकड्यावर ठरणार होता. "उन्हात ठेवू नका, मेण आहे," तो म्हणाला. बस्स. त्या एका वाक्याने पुढचे सव्वादोन तास आमचा जीव टांगणीला लागला.

आबा गाडीत पुढे बसले होते. पांढरं धोतर, टोपी, आणि गळ्यात घड्याळ. मी मागे डबी घेऊन बसले आणि दार लावलं, तसं आबांनी बटण दाबलं.

"आबा, हे काय?"

"बारी हाय ही," आबा म्हणाले. "बाराचं निशाण."

हिंजवडीच्या चौकात जे व्हायचं तेच झालं. पुढे बस, मागे बस, मधे टँकर. काचेतून ऊन थेट माझ्या मांडीवर आलं. भाऊ ओरडला, "ताई, वितळंल ती," आणि मी पुढच्या दोन सीटांच्या मधून हात घालून डबी एसीच्या झडपेसमोर धरली. अशीच धरून बसले, हाताला मुंग्या आल्या तरी. मध्येच आबांनी ती माझ्या हातातून घेतली आणि टोपीच्या सावलीत दोन्ही तळव्यांत धरली. त्यांच्या स्वतःच्या गळ्यातला तुकडा होता तो. त्यांनी वडीकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "एवढ्याशानं एवढी पळापळ."

हायवेला लागलो आणि रस्ता जरा मोकळा झाला. मग आबांना राहवेना. तो फाटका, वारा भरलेला आवाज काढून त्यांनी पुकारायला सुरुवात केली. टँकर मागं पडला, चला, चला, डावीकडून चला, रिक्षा आडवी आली, बैल दबकला, उचलला, उचलला. बोलू नका, घशाला त्रास होईल, असं मी म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही. भाऊ स्टिअरिंगवर थाप मारत होता. बावधन गेलं, माझी शाळा उजव्या हाताला राहिली. चांदणी चौकातल्या पुलांच्या गुंतवळ्यात भाऊ चुकीच्या पुलावर चढला आणि आम्ही उलट्या दिशेने आठ मिनिटं गेलो. मी त्याला जे बोलले ते मराठी शिकवणाऱ्या बाईने लिहू नये.

लॅबच्या खिडकीवर मी डबी ठेवली, तेव्हा मागे आबांनी बटण दाबलं.

"दोन तास सोळा मिनिटं," त्यांनी जाहीर केलं. "लई घाण बारी. पन निशाणाच्या आत."

खिडकीतल्या मुलीने आमच्याकडे बघितलं आणि पावती दिली. मी हसत होते.

त्यानंतर आबांची पुन्हा दुर्बीण झाली. नाकातून बारीक नळी आत गेली आणि समोरच्या पडद्यावर त्यांचे स्वरतंतू दिसू लागले. मला आत उभं राहू दिलं होतं. जन्मभर जो आवाज ऐकला, तो कुठून निघतो ते मी पहिल्यांदा बघत होते. दोन पांढुरक्या पट्ट्या, त्यांतली डावी खडबडीत, लालसर.

"ईऽ म्हणा, आजोबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आबा ई म्हणाले. उजवी पट्टी झटकन मधे आली. डावी आली नाही, असं मला वाटलं. मग ती हळूच, रखडत, थोडीशी हलली.

"पुन्हा म्हणा."

पुन्हा हलली. डॉक्टरीणबाईंनी शेजारच्या तरुण डॉक्टरांना बोलावलं. "बघ, हलते आहे. कमी, पण हलते आहे."

आबा नळी नाकात असताना डोळ्याच्या कोपऱ्यातून पडदा बघत होते. नळी निघाल्याबरोबर म्हणाले, "डावा बैल मागं पडतोय."

"मागे पडतोय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण अजून बसला नाही."

तीनला बैठक सुरू झाली आणि आम्ही बाहेर बाकावर बसलो. आबा घड्याळ लावू का म्हणाले, मी नको म्हटलं. चार वाजून गेल्यावर आम्हाला आत बोलावलं. सहा-सात जण होते. थोरल्या डॉक्टरांनी समोरच्या पडद्यावर स्कॅन दाखवलं आणि सावकाश सांगितलं. गाठ कॅन्सरचीच आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण कूर्चेवरचा जो डाग गाठ पसरल्यासारखा दिसतो, तो त्यांच्या स्कॅनतज्ज्ञांना वयाने हाडासारख्या कडक झालेल्या कूर्चेचा वाटतो. तंतू अजून हलतो आहे. तेव्हा स्वरयंत्र न काढता आधी किरण आणि सोबत औषध द्यायला वाव आहे. सात आठवडे, रोज यावं लागेल. घसा सोलून निघेल, गिळताना जीव जाईल. विडी आजपासून बंद. "आणि मी खात्री देत नाही," ते म्हणाले. "नाही जमलं किंवा परत आलं, तर ऑपरेशन करावं लागेलच, आणि ते आजच्यापेक्षा अवघड असेल. आधीच्या डॉक्टरांनी सांगितलं तेही चूक नव्हतं. त्यांना जे दिसलं त्यावर ते बरोबर होतं. निर्णय तुमचा."

सगळे आबांकडे बघू लागले.

"आवाज ऱ्हाईल?" आबांनी विचारलं.

"राहण्याची चांगली आशा आहे. पूर्वीसारखा नसेल."

"पूर्वीसारखं काय ऱ्हायलंय सायेब? माण तरी ऱ्हायलंय का?" आबा म्हणाले. मग त्यांनी खिशातून विड्यांचं बंडल काढून थोरल्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं. "किरन द्या."

मी खोलीतच रडले. आता लाज वाटत नाही. आनंदाने रडले, भीतीने रडले, आणि त्या बंडलाकडे बघून हसलेही. भाऊ बाहेर जाऊन वहिनीला फोन लावत होता. पार्किंगपर्यंत त्याचा आवाज ऐकू येत होता. आमच्या घराण्यात हळू कोणी बोलत नाही. पहिल्या डॉक्टरांना मी गाडीत बसूनच कळवलं. ते म्हणाले, "छान झालं. बैठकीचा कागद मला पाठवा, मलाही शिकायचंय." त्या माणसाबद्दलचा माझा आदर त्या दिवसापासून दुप्पट झाला.

ते सात आठवडे मी गोड करून सांगणार नाही. तिसऱ्या आठवड्यात आबांचा होता तोही आवाज गेला. मान भाजल्यासारखी काळी पडली. वहिनीने केलेली पेज घोट-घोट घेताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. पाटीवर लिहून ते आमच्याशी भांडायचे, आणि त्यांचं शुद्धलेखन बघून मी तपासायला लाल खडू काढला की पाटी पालथी करायचे. शेवटचा किरण झाला त्या दिवशी पाटीवर एकच शब्द होता, "झाली". नंतर तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण, पुन्हा स्कॅन. गाठ दिसत नाही, म्हणाले. अजून दर दोन महिन्यांनी जावं लागतं, आणि दर वेळी आदल्या दिवशी आमच्या घरातल्या कढया लखलखीत होतात.

आवाज परत आला तो हळूहळू, आणि वेगळा. खरखरीत, कोरड्या पाल्यातून चालल्यासारखा. सूर लांबवता येत नाही. आबांनी एकदा गोठ्यामागे जाऊन "झाऽऽली" म्हणून बघितलं, ते मी ऐकलं. अर्ध्यावर तुटलं. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

यंदा चैत्रात आमच्या घाटात यात्रा भरली. माइक आता एका तरुण निवेदकाकडे गेलाय, पण वेळ जाहीर करायचा मान कमिटीने आबांकडे ठेवला. तात्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, त्यामुळे शेजारची जागा रिकामी होती. आबांनी माळ्यावरून खाली बायकांच्या गर्दीत बघितलं आणि मला हाताने वर बोलावलं. बाईमाणूस माळ्यावर, म्हणून कोणी तरी कुरकुरलं. आबा म्हणाले, "दुसरं घड्याळ तिचंच हाय," आणि काळ्या नाडीचं घड्याळ माझ्या गळ्यात घातलं.

पहिल्या बाऱ्या जुळल्या. माझा अंगठा घामाने घसरत होता. मग एक गाडी अशी आली की सगळा घाट उभा राहिला. झेंडा, धुरळा, शिट्ट्या, आणि निशाणावर मी बटण दाबलं. ही बारी पहिल्या नंबरात, म्हणजे ठरलेल्या सेकंदांच्या आत, बसणार की नाही, याकडे सगळ्यांचे डोळे लागले होते.

आम्ही घड्याळं एकमेकांसमोर धरली. माझ्यात अकरा पॉइंट साठ सेकंद. आबांच्यात अकरा पॉइंट नव्वद. माझीच चूक, मी मनात म्हटलं, मी घाई केली, माझी जन्माची घाई. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आबांनी निवेदकाच्या हातून माइक घेतला.

"अकरा पॉइंट साठ," त्या खरखरीत आवाजात ते म्हणाले, आणि चार कर्ण्यांतून तो घाटभर गेला. "माझा अंगठा चुकला."

खाली गर्दीत तात्या होते. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. मी आबांकडे बघतच राहिले.

त्यांनी माइक परत दिला, घड्याळ शून्यावर आणलं आणि म्हणाले, "माझ्याकडं काय बघतीस? खाली बघ, पुढची बारी लागली."